उबविण्यापूर्वीचा प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातील 'दाढीवाला सरडा' आता कित्येक देशांत हौसेने पाळला जातो. त्याची मादी खळगा उकरून वीसेक अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. तिला निष्ठुर म्हणण्याचा मोह वाचकांनी आवरावा. तिचे कर्तव्य तेवढ्यातच संपते.

घरी अंडी उबविणाऱ्याचे मात्र तेथून सुरू होते. अंडे उचलताना तो वरच्या अंगाला पेन्सिलीने खूण करतो, कारण कोंबडीच्या अंड्यासारखे ते फिरविल्यास आतील जीव दगावण्याचा संभव असतो. पुढे सुमारे २९ अंश उष्णतेत दोनेक महिने राखण. उष्णता ३२ अंशांपलीकडे गेली, तर जन्मतः नर व्हावयाची कित्येक पिल्ले मादी होऊन बाहेर येतात. २००७ साली हे प्रयोगाने सिद्ध झाले आणि २०१५ साली अशा माद्या रानातही आढळल्याचे प्रसिद्ध झाले. एवढी सत्ता हाती असलेल्याने 'निसर्गाने दिले' म्हणावे काय? जोडी तर त्यानेच जमविली!

पिल्ले दाटीत एकमेकांच्या शेपट्या तोडतात, रोज जिवंत किडे मागतात आणि दहाएक वर्षे जगू शकतात. म्हणून काही पाळणारे ताजी अंडी त्याच दिवशी गोठवून टाकतात. ही हत्या नव्हे, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरीही वीस जीव जन्मास घालून वाटेल त्याच्या पदरी टाकण्यापेक्षा ती मला सौम्य वाटते. मादीची गोष्ट आणखी अवघड: एकाच मीलनानंतर काही आठवड्यांनी ती पुन्हा माती उकरू लागते.