हुकमाचा ताबेदार

शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनीच ह्युएन त्संगचे नाव वाचलेले असते. सातव्या शतकात चीनहून निघालेला हा भिक्खू नालंदेत शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथल्या माणसांविषयी लिहून गेला. त्याच्याच प्रवासावर चीनमध्ये सोळाव्या शतकात 'पश्चिमेची यात्रा' ही अद्भुत कादंबरी रचली गेली. तीत भिक्खूच्या सोबतीला एक पराक्रमी वानर आहे. या भिक्खूचे मांस खाल्ले की अमरत्व मिळते, अशी वदंता असल्याने वाटेतल्या डोंगराडोंगरावर राक्षस टपून बसलेले असतात. वानर त्यांचा समाचार घेतो. मोठ्या राक्षसाशी युद्ध रंगते, पण त्याच्या हाताखालचे लहानसहान राक्षस एकेका फटक्यात आडवे होतात. त्यांना बहुधा नाव नसते. ते किती मेले, हे वाचकही मोजत नाही.

न मोजलेल्या अशाच एका जिवावर चीनमध्ये एक लघुपट निघाला. 'चिनी अद्भुतकथा' अशा अर्थाचे नाव असलेली आठ ॲनिमेशन लघुपटांची ही मालिका 1 जानेवारी 2023 पासून बिलिबिली या चिनी व्हिडिओ संकेतस्थळावर दाखवली गेली. ती केली शांघाय ॲनिमेशन फिल्म स्टुडिओने. 1957 साली स्थापन झालेल्या या संस्थेने साठच्या दशकात त्याच वानरावर 'स्वर्गातला धुमाकूळ' हा गाजलेला चित्रपट दोन भागांत काढला होता. तिथे वानर नायक होता. नव्या मालिकेत प्रत्येक लघुपटाची शैली आणि कथा वेगळी, पण पहिल्याच भागाचा नायक आहे डुकराच्या रूपातला एक क्षुद्र राक्षस. (नायक डुक्कर आहे हे ऐकून आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. पाहायला बसल्यावर मात्र त्याची सगळ्यांनाच कणव आली.)

हा बिचारा डोंगरावरच्या साहेबांकडे चाकरीला आहे. भिक्खू येणार म्हणून तयारी चाललेली आहे. त्याला बाण करायला सांगतात. तो डोके चालवून बाणांना पिसे लावतो, म्हणजे नेम चांगला बसावा. शाबासकी राहिली बाजूला, वरचा अस्वलसाहेब त्यालाच दरडावतो की, आता तू मला काम शिकवणार का? पुढे भिक्खूला शिजवण्यासाठी भलीमोठी कढई घासायचे काम येते. घासायला काही नाही, तेव्हा तो आपल्याच पाठीच्या राठ केसांनी ती घासतो. मधे कधीतरी घरी डोकावतो, तर आई भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून देते आणि पाणी पीत जा म्हणते. चीनमधल्या नोकरदार तरुणांना यात आपलीच कचेरी दिसली, यात नवल नाही. ऑगस्ट 2025 मध्ये याच डोंगरावरच्या क्षुद्र राक्षसांवर पूर्ण लांबीचा चित्रपटही आला.

लोकांनी लघुपटाकडे राबणाऱ्यांचे दुःख म्हणून पाहिले. ते खरेच आहे. पण मला त्यातला दुसरा प्रश्न अधिक अवघड वाटतो. ही कढई कशासाठी घासली जात होती? एका निरपराध माणसाला उकळण्यासाठी. घासणाऱ्याला हे ठाऊक होते. मग तो फक्त पिडलेला, की पीडेतला भागीदारही? हुकमाची ताबेदारी हा बचाव जुना आहे. 1961 साली जेरुसलेमच्या न्यायालयात आइकमनने तोच केला आणि तो टिकला नाही. अर्थात, लाखो माणसांना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या मापाने कढई घासणाऱ्याला मोजणे अन्यायाचे होईल. पण माप वेगळे असले म्हणून मोजायचेच नाही, असेही म्हणता येत नाही.

माझा भाचा पुण्यात कर्जवसुलीच्या कॉल सेंटरमध्ये आहे. मागच्या ईदेला आला तेव्हा हा लघुपट त्यानेच मोबाइलवर दाखवला. वर्धा जिल्ह्यातच त्याच्या बापाची चार एकर कपाशी आहे. समोरच्या पडद्यावर नावे येतात, तो फोन लावतो. काय बोलायचे ते लिहून दिलेले असते. आधी अदबीने, मग जरा कडक, मग गावात माणूस पाठवू असे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावले आहे. तो नियम पाळतो. शिवी देत नाही. एकदा मात्र पलीकडून आवाज आला, "कापूस इकला का देतो ना बापू," आणि याच्या तोंडून पुढचे वाक्य निघेना. अगदी बापाचाच सूर! त्याने फोन ठेवला आणि नोंद केली, 'संपर्क झाला नाही'. हे सांगून झाल्यावर मला विचारतो, "मामू, ये कमाई हलाल है क्या? मैं तो बस फोन करता हूँ." त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलचे हप्ते अजून बाकी आहेत.

मी उत्तर दिले नाही. पण नालवाडीत राहणाऱ्याला या प्रश्नापासून पळता येत नाही. वर्ध्याला लागूनच असलेल्या या वस्तीत 1932 च्या डिसेंबरात विनोबा राहायला आले. तेव्हा ही प्रामुख्याने दलितांची वस्ती होती. इथेच ग्रामसेवा मंडळ उभे राहिले, इथेच गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे चर्मालय चालवले. आणि इथेच विनोबांनी ठरवले की, सूत कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तिच्यावरच आपण जगून पाहायचे. दिवसाचे कित्येक तास ते कातत बसत. मजुरी पुरते की नाही, हे कागदावरच्या हिशेबाने न ठरवता त्यांनी आपल्या ताटात पाहिले. 1935 साली गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण घेतले. खादी महागेल, ही धास्ती तेव्हाही होतीच.

या प्रयोगाचे मी उगाच स्तोम माजवणार नाही. विनोबा तो कधीही थांबवू शकत होते, कातणाऱ्या बाईला ती मुभा नव्हती. पण डोंगरावरच्या अस्वलसाहेबाने एकही बाण तासलेला नाही आणि कढईला हात लावलेला नाही, हे पाहिले की नालवाडीतल्या त्या कातण्याचे मोल कळते. भाच्यासाठी संवाद लिहून देणाऱ्याने त्या शेतकऱ्याचा आवाज कधी ऐकला असेल का? पाप करणारा हात आणि पाप ठरवणारे डोके यांत इतके अंतर पडले आहे की डोक्याला ऐकू येत नाही आणि हाताला बोलायची परवानगी नाही.

हाताने बोलायचे ठरवले तर काय होते, हे त्या लघुपटात आहे. राक्षस भिक्खूला फसवून आणायला सापळा लावतात. ऐनवेळी हा डुकराचा पोर ओरडून सावध करतो की, पुढे येऊ नका. वानराचा सोटा त्याच्यावरही पडतो. नंतर उलगडते की तो फटका दिखाऊ होता. वानराने त्याला वाचवले आणि आपले तीन केस त्याच्यापाशी ठेवले. ही सुटका मला दिग्दर्शकाची मेहेरबानी वाटते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारात विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले आणि युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, असे सांगितले. त्यांना चारच दिवसांनी तुरुंगात नेले. तिथे वानर आला नाही आणि तो येईल या हिशेबाने ते बोललेही नव्हते.

मालिकेतला दुसरा लघुपट मला पहिल्याहून खरा वाटतो. करड्या रेखाटनातली ही जवळजवळ मुकी कथा सहाव्या शतकातल्या एका चिनी गोष्टीवर बेतलेली आहे आणि त्या गोष्टीचे मूळ भारतीय बौद्ध कथेत सांगतात. एक फेरीवाला टोपलीत दोन हंस घेऊन डोंगरातून चालला आहे. वाटेत लंगडा कोल्हा त्याच्या टोपलीत बसतो. मग कोल्ह्याच्या पोटातून एक, तिच्या पोटातून दुसरा, असे एकेक जण बाहेर येत जातात. शेवटी बाहेर आलेली हंसकन्या फेरीवाल्याला म्हणते, मला इथून ने. तो घुटमळतो. तेवढ्यात जिने-ज्याने बाहेर काढले होते तो तो आपापला जीव पुन्हा गिळतो आणि तीही जाते. फेरीवाल्याने कुणाला इजा केली नाही. कुणाचा हुकूमही पाळला नाही. तो नुसता क्षणभर थांबला. टोपली रिकामी झाली.

भाचा परत पुण्याला गेला आहे. त्या कापूसवाल्याच्या नावापुढे अजून तेच तीन शब्द आहेत, 'संपर्क झाला नाही'. पडद्यावर पुढच्या फोनची तारीख आपोआप पडते. ती पंधरा दिवसांनंतरची आहे.