गंगू तेल्याचे मत

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण आपण मराठी माणसांनी माळव्यातून उचलली. अकराव्या शतकात परमार कुळातील भोजाने जेथे राज्य केले ते धार नगर आजही नांदते आहे, आणि म्हणही नांदते आहे. गांगेय व तैलप या भोजकालीन राजांच्या नावांचा अपभ्रंश होऊन गंगू तेली झाला, असे कित्येक जण सांगतात. असेलही. लोकांनी मात्र म्हण वापरली ती सरळ अर्थाने : एक सिंहासनावरचा, एक घाण्यावरचा, आणि दोघांमधले अंतर कधी न सरणारे.

या धार नगरात २००८ साली विधानसभेची जी निवडणूक झाली, तिचा निकाल एका मताने लागला. एक हजार नव्हे, शंभर नव्हे, एक. वाद पुढे उच्च न्यायालयात गेला, कायदेपंडितांचा त्यावर बराच खल झाला. तो येथे सांगण्याचे कारण नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. त्या दिवशी धारमधल्या कोणाही घाणेवाल्याला, हमालाला, भाजी विकणाऱ्या बाईला खुशाल म्हणता आले असते की, आमदार मी ठरवला. राजा भोजाच्या राजधानीत गंगू तेल्याचे मत सोन्याच्या काट्याने तोलले गेले. असे असता दुसऱ्या दिवशी तोच गंगू आमदाराच्या ओसरीवर गेला असेल तेव्हा कसा उभा राहिला असेल? आम्ही तेथे नव्हतो. परंतु तो हात जोडून उभा राहिला असेल, अशी पैज लावायला आम्ही तयार आहो.

तो तसा का उभा राहतो, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. आणि तो केवळ राजकारणाचा नसून नीतीचा आहे, असे आमचे मत आहे.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची राज्ये. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात उतरल्या तेव्हा ती उभी राहिली. देवास तर मोठे मौजेचे संस्थान. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी ते मिळविले, आणि पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या. गाव एक, वर टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, आणि खाली दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. धारचे राज्य इंग्रजांनी १८५७ च्या धामधुमीनंतर खालसा केले आणि १८६० साली परत दिले. नेताना आणि देताना, दोन्ही वेळा, प्रजेला कोणी विचारले नाही. विचारावे असे प्रजेलाही वाटले नसेल. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्यप्रदेशात.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांना हा मुलूख परका नाही. शिंद्यांच्या दौलतीत जिवबादादा केरकर आणि लखबादादा लाड यांनी जी कामगिरी केली ती सारस्वत घरांतून अजून सांगितली जाते. त्यांच्या मागोमाग कितीतरी कोकणी-मराठी कुटुंबे त्या बाजूस गेली व कोणा ना कोणा सरकारच्या ‘पदरी’ राहिली. ‘पदरी असणे’ हा शब्दप्रयोगच पाहावा. धन्याच्या पदराला बांधलेली वस्तू म्हणजे आपण! असा शब्द जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या घोळला म्हणजे पाठीच्या कण्यावर त्याचा काही परिणाम होत नसेल, असे मानणे कठीण आहे.

देवासच्या थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांची कथा या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने त्यांचा खाजगी कारभारी होता, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने या राजाचे मोठ्या प्रेमाने चित्र रेखाटले आहे. गोकुळाष्टमीच्या उत्सवात महाराज स्वतः भान विसरून देवापुढे नाचत. राजा भाविक होता, लोभस होता, मनाचा मोठा होता. याविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु त्याच फॉर्स्टरने असेही लिहून ठेवले आहे की, नव्या राजवाड्याचे काम पुरे होण्याआधीच त्याची पडझड सुरू झाली होती. संस्थानाचा खजिना खालावत गेला, कर्ज वाढत गेले. हिंदुस्थान सरकारने चौकशीचा आग्रह धरला तेव्हा महाराज संस्थान सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले, आणि १९३७ साली तेथेच वारले.

आता प्रश्न असा की, या राजाला चांगला म्हणावयाचे की वाईट? फॉर्स्टरच्या मैत्रीच्या काट्यावर तो फार चांगला ठरतो. सरकारी लेखनिकाच्या काट्यावर फार वाईट. आम्हाला हे दोन्ही काटे येथे निरुपयोगी वाटतात. ज्याच्या शेतसाऱ्यातून तो उत्सव आणि तो वाडा उभा राहिला, त्या कुणब्याला विचारण्याचा अधिकार होता काय, एवढाच खरा प्रश्न. तो नव्हता. आणि विचारण्याचा अधिकारच नसला म्हणजे राजाच्या चांगुलपणाला काही माप उरत नाही. मग तो आपला प्रेम करण्याचा किंवा कुरकुरण्याचा विषय होतो, हवापाण्यासारखा.

कोणी म्हणेल, देवाच्या उत्सवाला पैसा गेला, त्यात वाईट काय? या आक्षेपाला त्याच माळव्यातून उत्तर आहे. धार-देवासच्या शेजारी, महेश्वरी, अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले. काशी-सोमनाथापासून रामेश्वरापर्यंत त्यांनी देवालये आणि घाट बांधले. त्यांच्याइतका धर्मकार्यावर खर्च कोणा राजाने केला असेल, असे वाटत नाही. परंतु होळकरशाहीत खासगीची दौलत निराळी आणि सरकारी दौलत निराळी, अशी जुनी वहिवाट होती, आणि बाईंचा हा धर्मादाय खासगीतून झाला. भक्ती दोघांचीही खरी. अंतर पडले ते वहीत. त्या खासगीच्या मिळकतीचा वाद अलीकडे न्यायालयात गेला तेव्हा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या न्यासाला मध्यप्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. अहिल्याबाईंचे पुण्यनाम असले तरी हिशेबाच्या वहीतून सुटका नाही. या निर्णयाने बाईंचा आत्मा संतोष पावला असेल, असे आमच्यातला वकील म्हणतो.

आमच्या वाचकांना हे तत्त्व नव्याने शिकवावयास नको. देव हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. मूर्ती म्हणजे वाटेल तेथे हलवावी अशी जंगम चीजवस्तू नव्हे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मल्लिक कुटुंबाच्या खटल्यात सांगितले. मालक देव, पुजारी, विश्वस्त आणि महाजन हे त्याचे कारभारी. देवस्थानाच्या वार्षिक सभेत नंदादीपाच्या तेलाचा खर्च यंदा का वाढला, असे एखादे वयोवृद्ध गृहस्थ उठून विचारतात, तेव्हा ते देवावर अविश्वास दाखवीत नसतात, की विश्वस्ताचा अपमानही करीत नसतात. विश्वस्तही रागावत नाही. रागावला तर पुढच्या वर्षी त्याची निवड होत नाही. तेच गृहस्थ घरासमोरच्या गटाराबद्दल नगरपालिकेत जातात तेव्हा मात्र आवाज खाली येतो, ‘साहेब, जरा कृपा करा’ अशी सुरुवात होते; आणि काम न झाल्यास परतीच्या वाटेवर ‘सगळे चोर’ असा निकाल लागतो. देवापुढे ताठ आणि नगरसेवकापुढे वाकलेले, असे हे चमत्कारिक दृश्य आहे.

माळव्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पोहे-जिलबीच्या दुकानावर सकाळी थोडा वेळ बसावे. बशी संपेपर्यंत तालुक्यातल्या एकूण एक पुढाऱ्याचा उद्धार झालेला असतो. अकरा वाजता त्यांपैकीच एक पुढारी मोटारीतून उतरतो आणि शिव्या देणारेच हात हार घालण्यास पुढे होतात. याला ढोंग म्हणण्याची चाल आहे. आम्हाला ते ढोंग वाटत नाही. हार आणि शिवी एकाच समजुतीची दोन रूपे आहेत : सत्ता त्याची, आपण मागणारे, मिळाले तर हार, न मिळाले तर शिवी. मुनिमाला कोणी हार घालीत नाही, आणि त्याला चोर म्हणत घरी बसूनही राहत नाही. वह्या मागवतो.

ही समजूत भाषेत कशी मुरली आहे तेही पाहण्यासारखे आहे. १९९३ सालापासून खासदारांना मतदारसंघातील कामांसाठी निधी असतो, आमदारांनाही तसाच असतो. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे गंगूच्या काडेपेटीवरच्या कराचा. परंतु रस्त्याच्या कडेला पाटी लागते ती ‘अमुक यांच्या निधीतून’ अशी, आणि गावकरी सांगतात, आमदारांनी रस्ता दिला. दिला! देणाऱ्याने दिले म्हणजे घेणाऱ्याने उपकार स्मरावे हे ओघानेच आले. मध्यप्रदेशात दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई होते. ही योजना चांगली आहे, तिने अनेकांची कामे झाली असतील. परंतु तेथल्या अर्जांची भाषा जुन्या दरबारच्या अर्जांहून फार निराळी असेल असे आम्हाला वाटत नाही. हक्काची गोष्ट दयेच्या भाषेत मागितली म्हणजे ती नाकारणाऱ्याला दया आली नाही एवढाच दोष लागतो. कायदा मोडल्याचा दोष लागत नाही. वकिली व्यवसायात आम्ही हे रोज पाहतो. पक्षकार स्वतःच्या पैशाने वकील करतो आणि खटल्याचे काय झाले ते विचारायला भितो!

देवासचे आमदारपद १९९० पासून २०१५ साली निधन होईपर्यंत पवार घराण्यातील तुकोजीरावांकडे होते, आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. यावरून देवासचे मतदार अद्याप प्रजाच राहिले, असा शेरा शहरी मंडळी मारतात. तो आम्हाला मान्य नाही. राजघराण्यातल्या माणसाला मत देणे हा गुन्हा नाही, आणि झोपडीतून आलेला पुढारी दोन वर्षांत ‘भैया’ किंवा ‘महाराज’ होऊन गादीवर बसल्याची उदाहरणे कोणत्या जिल्ह्यात नाहीत? कोण निवडला यापेक्षा काय म्हणून निवडला, हा प्रश्न वडीलधारा आहे.

येथे आम्हाला आमच्याच वर्गाविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. संस्थाने गेली तेव्हा त्यांच्या पदरी असलेला शिकलेला मराठी समाज सार्वजनिक कामातून हळूहळू मागे सरला. कोणी इंदूरला, कोणी मुंबई-पुण्यास गेले. मागे राहिलेल्यांनी गाणे, नाटक, गणेशोत्सव आणि देवळे सांभाळली. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले व त्यांच्यामुळे त्या गावाचे नाव सर्वत्र झाले, याचा अभिमान सर्वांनाच आहे. परंतु ‘राजकारण हे सभ्य माणसांचे क्षेत्र नव्हे’ हे वाक्य आमच्या दिवाणखान्यांतून इतक्या वेळा उच्चारले गेले की ते सद्‌गुणाचे लक्षण मानले जाऊ लागले. पुढाऱ्यांविषयीची तुच्छता ही फार स्वस्त वस्तू आहे. तिला सभेस जावे लागत नाही, अंदाजपत्रक वाचावे लागत नाही, माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा उघडून दहा रुपयांचा अर्ज करावा लागत नाही. हुजऱ्या निदान दारात तिष्ठत उभा तरी राहतो. तुच्छता करणारा आरामखुर्चीतून उठतही नाही.

यावर कोणी विचारील, पुढारी खरोखरच लबाड असले तर? अनेक आहेत. परंतु लबाड मुनिमाबद्दल मालकाने ‘मुनीमजात अशीच’ असे म्हणावे, यात मुनिमाला सोयीचे असे दुसरे काय असू शकते? सर्वच सारखे म्हटले म्हणजे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या एखाद्या सरपंचाचा आणि खडी खाणाऱ्याचा हिशेब एकाच पानावर मांडला जातो. हा अन्याय आहे, आणि तो करणारे आपण आहो. धार जिल्ह्याच्या अनुसूचित भागात १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०२२ च्या राज्य नियमांनी ग्रामसभेला बरेच अधिकार मिळाले आहेत. तेथला भिल्ल शेतकरी ग्रामसभेत खर्चाची चौकशी करू लागला, तर त्याला ‘सगळे चोर’ या आमच्या तत्त्वज्ञानाचा काडीइतका उपयोग व्हावयाचा नाही.

मध्यप्रदेशाच्या १९६१ च्या नगरपालिका अधिनियमात ४७ वे कलम आहे. थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद त्यात आहे. आधी तीन-चतुर्थांश निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सह्या लागतात, मग नगरातील मतदार गुप्त मतदानाने निकाल देतात. या मतदानात दोन चिन्हे असतात : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. पसंत असेल तर भरलेल्या खुर्चीला मत द्यावे, नसेल तर रिकाम्या. या कलमात दोष आहेत. आरंभ करण्याचा अधिकार मतदाराच्या हाती नाही, नगरसेवकांच्या हाती आहे, आणि त्याचा दुरुपयोग आपसांतील हेवेदाव्यांसाठी सहज होऊ शकतो. शिवाय अध्यक्ष थेट निवडावा की नगरसेवकांनी निवडावा, याचा नियम बदलला की कलमाचे दातच पडतात. तरीही, पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळव्यात भरलेल्या गादीपुढेच मुजरे झाले, तेथे सरकारने रिकाम्या खुर्चीचे चित्र छापून ते गंगू तेल्याच्या हाती दिले, ही गोष्ट आम्हाला भोजशतकांतल्या कोणत्याही आख्यायिकेइतकी विलक्षण वाटते.