ज्यांना मत नाही

लोकशाहीत प्रत्येक प्रौढाला एक मत असते. परंतु रानातल्या शेकरूला मत नसते, डोंगरातल्या झऱ्याला नसते आणि पन्नास वर्षांनंतर जन्मास येणाऱ्या बालकालाही नसते. मग त्यांची बाजू कोणी मांडावी?

पश्चिम घाटाचे उदाहरण घेऊ. गोदावरी, कृष्णा, कावेरी यांचा उगम याच डोंगररांगांत आहे. २०१० साली केंद्र सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०११ साली घाटाच्या संरक्षणाची योजना मांडली आणि निर्णयात ग्रामसभांचा सहभाग असावा, असा आग्रह धरला. मात्र अहवाल कित्येक महिने दडवून ठेवला गेला. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०१२ साली तो प्रसिद्ध झाला, तोवर अफवांनी मूळ धरले होते. पुढे डॉ. कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरवावा असे सुचविले. त्यालाही विरोध झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या विरोधात मात्र एक झाले.

केरळच्या इडुक्की भागात या विरोधात आपले धर्मबांधव शेतकरी आणि त्यांचे काही धर्मगुरूही रस्त्यावर उतरले होते. त्यांना केवळ लोभी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. अन्नटंचाईच्या काळात सरकारच्याच उत्तेजनाने अनेक कुटुंबे त्या डोंगरांत वसली होती. आपले घर आणि मळा जाईल, ही त्यांची भीती खरी होती.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी, तर ३० जुलै २०२४ रोजी वायनाडवर तोच घाला पडला. प्रत्येक दरडीचा दोष एखाद्या डावललेल्या अहवालावर टाकता येणार नाही. अतिवृष्टी हे कारण उघड आहे. तरीही डोंगर खचतो तेव्हा प्रथम बळी जातो तो पायथ्याच्या गरिबाचाच. म्हणून रानाचे रक्षण आणि गरिबाचे रक्षण यांना परस्परांचे वैरी मानणे ही मूलभूत चूक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच संबंध उलगडून दाखविला आहे.

खरा नैतिक प्रश्न ओझ्याच्या वाटणीचा आहे. रान राखल्याचा लाभ सर्वांना मिळतो, बंधने मात्र रानाशेजारच्या माणसाने सोसायची. मुंबईची तहान भागविणारे तलाव शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही विषमता असताना त्या माणसाला निसर्गप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो? लाभ घेणाऱ्याने मोल दिले पाहिजे: पाण्यातला वाटा, पिकाच्या नुकसानीची वेळेवर भरपाई आणि निर्णयात मानाचे स्थान.

एदेन बाग माणसाच्या हाती सोपविली गेली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. यांपैकी एकच काम करून आपली सुटका नाही. उमेदवार दारात येईल तेव्हा त्याचा झेंडा कोणत्या रंगाचा हे पाहण्याआधी त्याला विचारू या: डोंगराचे काय करणार, आणि डोंगरातल्या माणसाचे काय? एकाच प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला उरलेला प्रश्न पुन्हा विचारावा. ज्यांना मत नाही त्यांच्या वतीने एवढे तरी आपण करू शकतो.