विरळणी

तेलाचा रिकामा डबा कापला, पाणी निथळावे म्हणून तळाला भोके पाडली आणि मूठभर मेथी पेरली. चारपाच दिवसांत डबा हिरवागार झाला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दाटी झाली रे. विरळणी कर, नाहीतर सगळीच खुरटतील." उपटायला हात गेला आणि अडला. कोणते रोप ठेवायचे, हे ठरविणारा मी कोण? बाजारात जुडी घेताना हा प्रश्न कधी पडला नव्हता. कारण ही निवड माझ्यासाठी दुसराच कोणी करीत असे. अखेर रोपे उपटली. कांदा, दाण्याचे कूट घालून त्यांचा घोळाणा केला. रुचकर लागला, हेही कबूल केले पाहिजे. मात्र ताटात एक काडीसुद्धा टाकवेना. ज्याला उपटणे चुकत नाही, त्याने निदान वाया घालवू नये. इतकी नीती तो डबा मला शिकवून गेला.