गरम प्लग, थंड प्लग

'गरम' प्लग आणि 'थंड' प्लग यांच्या ठिणगीत फरक नसतो. फरक असतो उष्णता सोडून देण्यात. स्पार्क प्लगच्या टोकाला पांढरं, चिनीमातीसारखं नाक असतं. ते लांब असेल तर इंजिनातली उष्णता त्यात रेंगाळते. तो गरम प्लग. आखूड असेल तर उष्णता पटकन बाहेरच्या धातूकडे निघून जाते, तो थंड. टोकाचं तापमान साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, साठत जाते आणि शेवटी ठिणगी पडेनाशी होते. ते ८०० च्या बरंच वर गेलं तर टोकच निखारा होतं. मग पेट्रोल ठिणगीची वाट न बघता पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं.

यात नैतिक प्रश्न कुठे आला, असं वाटेल. पण प्लग निवडायचा म्हणजे कुठला बिघाड झालेला चालेल हे ठरवायचं. आणि हे ठरवणारा माणूस दरवेळी होडीत बसलेला असतोच असं नाही.

जयगडच्या खाडीत माझ्या मामाची फायबरची होडी आहे. तिचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन यंदा पुन्हा बांधलं. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन टाकले, नव्या रिंगा टाकल्या. रिंगा नीट बसेपर्यंत पेट्रोलमध्ये तेल जास्त घालतात, बऱ्याचदा दुप्पट, आणि मशीन फार ताणत नाहीत. तेल जास्त, ताण कमी, त्यामुळे प्लग काळा पडू लागला. दोरी ओढून ओढून मामाचा खांदा भरून आला. मिस्त्री म्हणाले, "एक नंबर गरम टाकू, एका दोरीत चालू होईल." मामाने मला फोन केला, कारण कंपनीचं पुस्तक माझ्या मोबाइलवर होतं. मी पुण्यात पंख्याखाली बसलो होतो.

मिस्त्री खोटं बोलत नव्हते. गरम प्लगने मशीन खरंच लवकर चालू झालं असतं. जेटीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना काम चोख झालंय असं वाटलं असतं. पण रिंगा बसल्यावर तेल पुन्हा कमी होणार, मामा मशीन पूर्ण ताकदीने पळवणार, आणि प्लग मात्र तोच राहणार. पहिल्या दहा दिवसांच्या अडचणीसाठी केलेली सोय पुढचा अख्खा मोसम मशीनच्या डोक्यात बसून राहते. मोटारसायकल निदान उतारावर तरी विसावते. होडीला उतार नसतो. पाणी कापत जायचं तर भार सतत अंगावर असतो.

आता दोन बिघाड शेजारी ठेवून बघा. थंड प्लग काळा पडतो तेव्हा आधी कुरकुरतो. मशीन अडखळतं, चालू व्हायला त्रास देतं. तुम्ही प्लग काढता, दुसरा लावता, पुढे जाता. फार गरम प्लगमुळे पिस्टन जातो तेव्हा आधी फारशी सूचना मिळत नाही, आणि मिळाली तरी समुद्रात पिस्टन बदलता येत नाही. एक चूक परत फिरवता येते, दुसरी येत नाही. हान्स योनास या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात म्हटलं होतं, की धोका फार मोठा असेल तेव्हा चांगल्या अंदाजापेक्षा वाईट अंदाजाला जास्त मान द्यावा. ते अख्ख्या मानवजातीबद्दल बोलत होते. एका होडीलाही ते लागू पडतं असं मला वाटतं.

पण हे तत्त्व वाटतं तितकं स्वच्छ नाही. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना प्लग काळा पडून मशीन बंद पडलं, तर 'ही चूक परत फिरवता येते' हे वाक्य माझ्या खोलीतच खरं राहतं. होडी आडवी व्हायला काही क्षण पुरतात. म्हणजे चूक दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही, हे नुसत्या प्लगवर ठरत नाही. हाताशी दुसरा प्लग आहे का, तो कोरडा आहे का, पाना कुठे आहे, यावरही ठरतं. सुरक्षित निवड सुचवणाऱ्याने तिची किंमतही सांगायला हवी. नाहीतर 'पुस्तकात लिहिलंय' म्हणून हात झटकणं फार सोपं असतं.

आणखी एक गोष्ट. प्लग हा इंजिनाचा साक्षीदारही असतो. बदामी असेल तर बरं चाललंय, काळा-ओला असेल तर तेल जास्त होतंय, पांढराफटक असेल तर उष्णता जास्त होतेय. त्या दिवशी काळा प्लग खरंच सांगत होता: रिंगा अजून बसायच्या आहेत. गरम प्लग लावून तो स्वच्छ दिसला असता, आतली स्थिती तीच राहिली असती. पुढे रिंगा बसल्याच नसत्या, तर ते कळायलाही उशीर झाला असता. साक्ष नकोशी झाली की साक्षीदार बदलायचा, ही सवय आपल्याला फक्त गॅरेजात नसते.

मी मामाला पुस्तकातला नंबर सांगितला. बजावलं, की दुसऱ्या कंपनीचा प्लग घेतला तर आकड्यावर जाऊ नका: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशचा वाढला की गरम. दोन्ही बिघाडांत काय होऊ शकतं तेही सांगितलं. गॅप तपासलेले जादा प्लग आणि पाना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, आणि रिंगा बसेपर्यंत खाडीबाहेर जायचं नाही, हे त्याचं त्याने ठरवलं. दोन आठवड्यांची बाहेरची मासळी बुडाली. ती माझी बुडाली नाही, त्याची बुडाली.

योग्य प्लग कुठला, याचं उत्तर पुस्तक देतं. ते उत्तर पाळण्याचा भार कोणी उचलायचा, हे पुस्तकात नसतं. दुसऱ्याच्या होडीबद्दल सल्ला देताना निदान तो भार किती आहे हे स्पष्ट बोलावं. पंख्याखाली बसलेल्या माणसाला एवढं तरी करता येतं.