साडेतीन टक्क्यांचा हिशेब

२०२४च्या शरद सत्रासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. शंभरात साडेतीनांहून किंचित अधिक. स्टॅनफर्डचा आकडाही याच घरातला आहे. अमेरिकेत बारावीला असलेला विद्यार्थी, आणि आता पुण्या-मुंबईतलाही, हा टक्का पाहून आपला चान्स ठरवायला बसतो. मात्र हा टक्का कोणाही एका विद्यार्थ्याचा नसतो. ती सगळ्या अर्जांची सरासरी असते आणि तिच्या पोटात कोणाची शक्यता ऐंशीच्या पुढे, तर कोणाची जवळजवळ शून्य असते.

‘स्टुडंट्स फॉर फेअर अ‍ॅडमिशन्स’ या संस्थेने २०१४ साली हार्वर्डवर खटला भरला आणि पुढे त्यात एरवी कुलूपबंद राहणारी आकडेवारी कोर्टात उघड झाली. २०१५च्या प्रवेशासाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज होते आणि वर्ग होता सुमारे १,६०० जागांचा. अर्जदारांपैकी ३,५०० जणांना एसएटी या प्रवेशचाचणीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते आणि आठ हजारांहून अधिक जणांची शाळेतली सरासरी अव्वल होती. नुसत्या गणितावर वर्ग दोनदा भरला असता.

मेरिट लिस्टवर वाढलेल्या मराठी घराला पहिला धक्का बसतो तो इथे. सीईटीचा पर्सेंटाइल हाती आला की गेल्या वर्षीचे कट-ऑफ काढून सीओईपी मिळेल की व्हीजेटीआय, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या या कॉलेजांत तशी रेषाच नाही. गुण दारापर्यंत नेतात, पुढे कॉलेजला वर्ग जमवायचा असतो. नौकानयनाचा संघ भरायचा असतो, वाद्यवृंदातला बासूनवादक यंदा पदवी घेऊन गेलेला असतो, लॅटिनच्या वर्गात विद्यार्थी कमी पडत असतात. यंदा काय हवे आहे, हे अर्जदाराला कळायला मार्ग नाही.

काही जागांची दिशा तर आधीच ठरलेली असते. खटल्यातील नोंदींनुसार संघासाठी हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, हार्वर्डच्या कर्मचाऱ्यांची मुले आणि डीनच्या खास यादीतली मुले मिळून अर्जदारांत पाच टक्केही नव्हती. प्रवेश मिळालेल्यांत मात्र ती सुमारे तीस टक्के होती. हेरलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. साहजिकच बाकीच्यांच्या वाट्याला छापील टक्क्याहूनही कमी येते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३मध्ये दाखवून दिले, की एसएटीचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या कॉलेजांत पोचतात. एमआयटी आणि कॅलटेक माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देत नाहीत, हे इथे नोंदवायला हवे.

गुणांपलीकडचेही तोलणाऱ्या या पद्धतीला ‘समग्र मूल्यमापन’ म्हणतात; या गोंडस नावाचा इतिहास तितकासा गोंडस नाही. १९२०च्या दशकात निव्वळ परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थी वाढू लागले, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांच्या काळात चारित्र्य, व्यक्तिमत्त्व आणि घराणे यांना वजन आले. जेरोम कॅराबेल यांनी ‘द चोझन’मध्ये हे तपशिलाने मांडले आहे.

आता खुद्द अर्ज. ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जात ६५० शब्दांचा एक निबंध असतो आणि दहा उपक्रमांचे रकाने. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला अक्षरे, विरामचिन्हे, मोकळ्या जागा सगळे धरून १५० चिन्हांची मर्यादा. तीन वर्षे ढोल-ताशा पथकात घाम गाळून नव्या मुलांना ताल शिकवणारी मुलगी एवढ्या जागेत काय मांडणार? ‘सामाजिक कार्याची आवड’ असे लिहिले तर जागा फुकट जाते. किती जणांना शिकवले, काय बसवले, हे लिहिले तर वाचणाऱ्याला काही दिसते. नववीपासूनचे गुण मागितले जातात आणि शिक्षकांची शिफारसपत्रेही. अकरावी-बारावी नावापुरती कॉलेजात आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये काढलेल्या मुलाला ओळखणारा शिक्षकच सापडत नाही. ही उणीव पर्सेंटाइलने भरून निघत नाही.

परदेशी अर्जदाराबाबत पैशाचा प्रश्न थेट शक्यतेशी जोडलेला आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी कॉलेजे त्याची ऐपत न पाहता निर्णय घेतात. बहुतेक ठिकाणी मदत मागितली की स्पर्धा आणखी कठीण होते. ‘अर्ली डिसिजन’ नावाचा पर्यायही आहे: नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला शब्द द्यायचा आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. या फेरीचा टक्का जास्त दिसतो खरा, पण हेरलेले खेळाडूही त्यातच मोजलेले असतात. शिवाय दोन कॉलेजांची आर्थिक मदत ताडून पाहण्याची संधी जाते.

सर्वांत मोठी फसगत होते ती गुणाकारात. पाच टक्के शक्यतेच्या दहा कॉलेजांना अर्ज केले तर कुठेतरी वर्णी लागण्याची शक्यता चाळीस टक्के, असा हिशेब मांडला जातो. दहा वेळा फासे टाकायचे असते तर तो बरोबर ठरला असता. इथे तेच गुण, तोच निबंध, तीच शिफारसपत्रे दहा टेबलांवर जातात. जे एकाला खटकले ते बहुधा इतरांनाही खटकते.

नियमही स्थिर नाहीत. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. कोविडकाळात ऐच्छिक झालेली एसएटीसारखी प्रमाणित चाचणी एमआयटीने २०२२मध्ये, तर येल, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४मध्ये पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले. जुने आकडे त्यामुळे जपूनच वापरावे लागतात.

अमेरिकेतली बहुसंख्य चार वर्षांची कॉलेजे निम्म्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देतात, ही गोष्ट या गदारोळात हरवते. अर्जांची यादी अशा कॉलेजांपासून सुरू करावी. त्यातले किमान एक परवडणारे आणि मनापासून आवडलेले असावे. हार्वर्ड-स्टॅनफर्ड त्यानंतर लिहावीत. एखादा सल्लागार भरमसाट फी घेऊन हार्वर्डची ‘सत्तर टक्के शक्यता’ लिहून देत असेल, तर तो आकडा कशावरून काढला हे पालकांनी आधी विचारावे, आणि समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय चेक फाडू नये.