घरकुल मुखेडला, पाल घाटकोपरला

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. त्याच उन्हाळ्यात नांदेडच्या मुखेड तालुक्यातली कुटुंबं लेकराबाळांसकट घाटकोपरच्या भटवाडीत मोकळ्या मैदानावर पालं टाकून राहिली होती. अशांना मुंबईनं निवारा द्यावा का, यावर काकांचं आणि माझं अजून जुळत नाही.

“नाही द्यायचा,” काका म्हणतात. त्यांची उमेदीची वर्षं रोजगार हमीच्या मस्टरवर गेली. “बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं गावाकडंच काम काढलं, 1977 ला त्याचा कायदा केला. मागेल त्याला काम! तू मुंबईत छप्पर उभं केलंस की इकडचा साहेब सुटला. माणसंच नाहीत, मागणी नाही, असं लिहून मोकळा होईल तो.”

“काम निघून मजुरी हातात पडेस्तोवर चूल कशावर पेटवायची?”

“ते भांडण इथं करायचं. आणि काय बोलायलीस तू? तिथं फुटपाथवरच जन्मलेली, कुठंच काही नसलेली माणसं आहेत. गावी घरकुल असलेला त्यांच्या आधी?”

इथं मी अडते. प्रधानमंत्री आवास योजनाही देशात कुठंच पक्कं घर नसलेल्यालाच घर देते, आणि मालकीच्या घरापुरता तो नियम मला न्याय्य वाटतो.

“पण मी घर कुठं मागतेय, काका? पेरणीपर्यंत छप्पर, मोरी, आतून लावता येईल अशी कडी. शहरात लाख लोकसंख्येमागं एक निवारा हवा, हे सरकारचंच धोरण. पण त्यात बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं असल्या तर कुटुंब पुन्हा मैदानातच येणार.”

“चार महिन्यांचं छप्पर कायमचं होतं, पोरी.”

“कशानं होतं? झोपडपट्टी पुनर्वसनात 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा असला तर घर फुकट, 1 जानेवारी 2011 पर्यंतचा असला तर पैसे भरून. म्हणजे जागा धरून बसला त्याला हक्क. मृगाला पेरायला गावी आला, त्याचा दावा दरसाल पुसला. माणूस परत येऊ नये, अशी तजवीज आपणच केलीय.”

हे काकांना पटलं. पण हट्ट सुटला नाही. “मग निवाऱ्यात नाव लागलेल्या प्रत्येक कुटुंबामागं मुखेडच्या तहसीलला जाब विचारा, काम का दिलं नाही म्हणून. खर्चही जिल्ह्याच्या निधीतून कापा.”

“कापा. पण नावं वाढली की बोलणी बसतात म्हटल्यावर, गाव सोडतानाच कुणी त्यांच्याकडून ‘स्वखुशीनं जातो’ असं लिहून घेतलं तर?”

“घेतीलच,” काका म्हणाले. “मस्टरवर कोरे अंगठे घेताना मी पाहिलेत.”